गर्भारपण आणि वाढणाऱ्या गाठी : न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या मातांसाठी

न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा मज्जातंतूंवर गाठी निर्माण करणारा आनुवंशिक विकार आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याचा पहिला प्रकार सर्वाधिक आढळतो. सुमारे तीन हजार जन्मांमागे एका बालकात तो असतो. जन्मतः किंवा लहानपणीच अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग दिसू लागतात. काखेत व जांघेत बारीक ठिपके येतात आणि वयात येताना त्वचेवर मऊ गाठी उमटू लागतात. आपल्याकडे या डागांना ‘लास’ म्हणून सोडून दिले जाते किंवा आईने ग्रहण न पाळल्याचा दोष तिच्या माथी मारला जातो. गाठी पाहून महारोगाची शंका घेणारेही भेटतात. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा विकार स्पर्शाने पसरत नाही आणि ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

विकाराचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. १९९० मध्ये या जनुकाचा शोध लागला. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन या जनुकामुळे तयार होते. जनुकात बिघाड झाला की लगाम सैल पडतो आणि मज्जातंतूंच्या आवरणातील पेशी वाढत जातात. आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. मात्र सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही हा विकार नसतो. त्यांच्यात जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो.

संप्रेरकांचा प्रभाव

वयात येताना आणि गर्भारपणात गाठी वाढतात, असा अनुभव अनेक स्त्रिया सांगतात. अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०५ स्त्रियांच्या गर्भारपणांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ६० टक्के स्त्रियांनी नव्या गाठी आल्याचे, तर ५२ टक्के स्त्रियांनी जुन्या गाठी मोठ्या झाल्याचे सांगितले. गर्भारपणात प्रारंभी अंडाशयातून आणि नंतर वारेतून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर स्रवते. २००३ मधील एका संशोधनात तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ७५ टक्के गाठींमध्ये प्रोजेस्टेरॉनचे ग्राही सापडले. इस्ट्रोजेनचे ग्राही मात्र फारच थोड्या गाठींत होते. त्यामुळे संशयाची सुई प्रोजेस्टेरॉनकडे वळते. तथापि, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जर्मन अभ्यासात एमआरआयद्वारे गाठींचे आकारमान मोजले असता, गर्भवती झालेल्या व न झालेल्या रुग्णांच्या गाठींच्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजेच, गर्भारपणाने गाठी वाढतीलच असे ठामपणे सांगता येत नाही. काही स्त्रियांच्या वाढलेल्या गाठी बाळंतपणानंतर लहानही होतात.

कुटुंबनियोजनाचे साधन निवडतानाही हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. २००५ मधील एका जर्मन पाहणीत गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ५८ पैकी ५३ स्त्रियांना गाठी वाढल्याचे जाणवले नाही. मात्र जास्त मात्रेचे प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शन घेतलेल्या दोघींनी गाठी बऱ्याच वाढल्याचे सांगितले. दोघींच्या अनुभवावरून नियम ठरत नाही. तरीही सरकारी केंद्रांत ‘अंतरा’ या नावाने मिळणारे इंजेक्शन याच वर्गातील असल्याने ते घेण्यापूर्वी आपल्या विकाराची कल्पना डॉक्टरांना द्यावी.

खरी जोखीम

त्वचेवरील गाठींनी रूप बदलते, पण जिवाला सहसा धोका नसतो. रक्तदाबाचे तसे नाही. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ मधील अभ्यासात या विकाराच्या गर्भवतींमध्ये उच्च रक्तदाब, गर्भाची खुंटलेली वाढ, मुदतपूर्व प्रसूतिकळा आणि शस्त्रक्रियेने प्रसूती यांचे प्रमाण अधिक आढळले. क्वचित मूत्रपिंडावरील ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असते. एकाएकी डोके ठणकणे, छातीत धडधडणे, दरदरून घाम येणे आणि रक्तदाब चढणे ही तिची लक्षणे होत. गर्भारपणात ती निदानाविना राहिल्यास आई व बाळ दोघांचेही प्राण संकटात येतात. पाठीच्या कण्यात किंवा ओटीपोटात गाठ असल्यास कमरेतून भूल देण्याची पद्धत आणि प्रसूतीचा मार्ग आधीच ठरवावा लागतो. एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, तर कर्करोगाची शक्यता तातडीने तपासणे आवश्यक असते.

मनमाडच्या गर्भवतीने काय करावे?

मनमाडसारख्या रेल्वेच्या गावातून नाशिक सुमारे ७३ किलोमीटर, तर मुंबई सुमारे २६० किलोमीटर दूर आहे. कळा सुरू झाल्यावर हे अंतर कापावे लागणे धोक्याचे. म्हणून नियोजन आधी हवे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. पहिल्याच भेटीत अंगावरील डाग व गाठी दाखवाव्यात आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाताना सर्व कागदपत्रे सोबत न्यावीत. प्रसूती कोठे करायची, हे सातव्या महिन्यापूर्वीच ठरलेले असावे.

शक्य असल्यास गर्भधारणेपूर्वीच मुंबई-पुण्यातील जनुकीय समुपदेशन केंद्रात सल्ला घ्यावा. कुटुंबातील जनुकीय बदल ठाऊक असल्यास गर्भाची तपासणी करता येते आणि १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आनुवंशिक विकारांसाठी अशा तपासणीस नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. मात्र बाळात विकार किती तीव्र असेल, हे ती तपासणी सांगू शकत नाही. एकाच घरातील मायलेकींमध्येही तो सौम्य वा तीव्र असू शकतो. मूल होऊ द्यावे की नाही, हा निर्णय पूर्ण माहितीनिशी त्या दांपत्यानेच घ्यायचा असतो. योग्य देखरेख लाभल्यास या विकाराच्या बहुसंख्य माता सुखरूप बाळंत होतात.