एकविसावा रकाना

(वेळा भारतीय, तारीख १९ जुलै २०२४, शुक्रवार)

साडेचार महिने आधी

फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक कंपनीने ‘फाल्कन’ या आपल्या सुरक्षा प्रणालीत एका नव्या प्रकारचे हल्ले ओळखण्याची सोय घातली. तिच्या आराखड्यात २१ रकाने होते. संगणकावर चालणारा कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. मार्च-एप्रिलमध्ये पाठवलेल्या हल्ले ओळखण्याच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ एवढेच होते, त्यामुळे तो कधी उघडून पाहावा लागला नाही. चूक झाकलेली राहिली.

पहाटे ३:२६

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेचा मध्य अमेरिकेतील विभाग कोलमडला. फ्रंटियर या विमान कंपनीची विमाने जमिनीवर राहिली. पुढच्या घटनेशी याचा संबंध नव्हता, पण सकाळी गोंधळ उडाला तेव्हा दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळल्या आणि नेमके काय बिघडले हे कळायला वेळ गेला.

सकाळी ९:३९

क्राउडस्ट्राइकने जगभरातील फाल्कन असलेल्या विंडोज संगणकांना ‘चॅनेल फाइल २९१’ ही नियमांची फाइल पाठवली. तपासणीच्या यंत्रणेतच दोष असल्याने तिने फाइल पास केली होती. या वेळी मात्र नियमाला एकविसाव्या रकान्यात खरोखर काहीतरी शोधायचे होते. कोडने तिथे हात घातला, तिथे काहीच नव्हते, आणि विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडले.

एका प्रोग्रॅमच्या चुकीने सगळा संगणक का पडावा? कारण फाल्कनसारख्या अँटिव्हायरसचा काही भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. व्हायरस जागा होण्याआधी आपण जागे असले पाहिजे म्हणून तो संगणक सुरू होतानाच लोड होतो. ब्राउझर कोसळला तर एक खिडकी बंद होते. कर्नलमध्ये चूक झाली तर विंडोज स्वतःहून सगळेच थांबवते. घरच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, याचे मूळही इथेच आहे. फाइल उघडली की दोघेही तिला एकाच दारात अडवतात, एक दुसऱ्याच्या तपासणीची तपासणी करू लागतो, आणि संगणक रेंगाळतो किंवा गोठतो. दुसरा अँटिव्हायरस घातला की विंडोजमधला डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो, तो याचसाठी. पण संघर्ष अँटिव्हायरस आणि खुद्द विंडोज यांच्यातच झाला, तर बाजूला व्हायचे कोणी?

सकाळी १०:३०

ब्रिटनमध्ये स्काय न्यूज वाहिनीचे थेट प्रक्षेपण बंद. ऑस्ट्रेलियात भर दुपार होती, तिथल्या कचेऱ्या एकामागून एक ठप्प झाल्या.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे. अनेक ग्राहकांनी सावधगिरीने ‘ताजी आवृत्ती नको, एक पाऊल मागची द्या’ असा पर्याय निवडला होता. तो फक्त मूळ प्रोग्रॅमला लागू होता; नियमांच्या फायली सर्वांना एकदमच जात. म्हणजे काळजी घेणाराही सुटला नाही. आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहणे ही सॉफ्टवेअरच्या धंद्यातली जुनी शिस्त आहे. ती इथे पाळली गेली नव्हती.

सकाळी १०:५७

सदोष फाइल मागे घेतली. पाठवल्यापासून ७८ मिनिटे झाली होती. पण पडलेल्या संगणकाला दुरुस्ती मिळणार कशी? इंटरनेटला जोडला जाण्याआधीच तो पुन्हा पडत होता. अझ्युरवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने तर पुन्हा पुन्हा, अगदी पंधरा वेळांपर्यंत रीस्टार्ट करून पाहा, असे सांगितले. एखाद्या वेळी नवी फाइल आधी पोचेल, ही आशा.

दुपार

अकासा या विमान कंपनीने मुंबई आणि दिल्लीत हाताने चेक-इन सुरू केले. इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाचा हाताने लिहिलेला बोर्डिंग पास देशभर फिरला.

फाल्कन हे संस्थांसाठीचे उत्पादन, म्हणून घरचे संगणक वाचले. पण ऑफिसचा लॅपटॉप घरी घेऊन बसलेले वाचले नाहीत. उपाय होता तो असा: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल पुसून टाका. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली हवी. हे अंक आयटीवाल्याने फोनवर सांगायचे आणि समोरच्याने एकेक करून टंकायचे, असे एकेका यंत्रापाशी.

दुपारी ३:१५ च्या सुमारास

हा सायबर हल्ला नाही, असे क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी जाहीर केले. याआधी, २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली होती आणि असेच संगणक पाडले होते. तेव्हा कुर्ट्झ मॅकॅफीचे तंत्रज्ञानप्रमुख होते.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा अंदाज आला: ८५ लाख संगणक, म्हणजे जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी. डेल्टा या विमान कंपनीने पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द केली. नियमांच्या फायली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देण्याचे क्राउडस्ट्राइकने त्यानंतर मान्य केले.