बारटेंडर : मापाचा आणि हिशेबाचा व्यवसाय

आपल्या बोरगाव-निपाणी भागातील मुले हॉटेलच्या नोकरीसाठी गोवा, पुणे, बेंगळुरूला जातात. त्यांतली काही बारच्या काउंटरमागे उभी असतात. घरी विचारले तर ‘मुलगा हॉटेलात आहे’ एवढेच उत्तर मिळते. स्थळ बघायची वेळ आली की तेही चाचरत सांगितले जाते. या व्यवसायात नेमके काय काम असते, किती शिकावे लागते, धोका कुठे आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. म्हणून ही नोंद. दारूचा प्रचार करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या भागात जैन, लिंगायत आणि वारकरी घरे मोठ्या संख्येने आहेत, तिथे दारू वर्ज्य आहे, आणि त्याचा आम्हाला आदरच आहे.

व्यवसायाचे स्वरूप

बाटलीतली दारू ग्लासात ओतून देणारा तो बारटेंडर, अशी समजूत आहे. ती अर्धवट आहे. कॉकटेल म्हणजे मद्य, आंबट, गोड, पाणी आणि सुगंधी द्रव्ये यांचे ठरलेल्या प्रमाणातले मिश्रण. ‘क्राफ्ट कॉकटेल बार’ म्हणजे जिथे तयार बाटलीबंद रस न वापरता लिंबाचा रस रोज ताजा काढतात, साखरेचा पाक, मसाल्याचा अर्क, बर्फ हे सारे बारमध्येच तयार करतात आणि प्रत्येक पेय लेखी मापाने बनवतात, असा बार. आपल्या घरातले लिंबू सरबत, पन्हे, कोकम सरबत यांतही आंबट-गोड-खारट यांचा तोलच साधलेला असतो. ज्याची जीभ हा तोल ओळखते, त्याला हे काम लवकर येते.

थोडा इतिहास

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने मे १८०६ मध्ये ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. बारटेंडरांसाठीचे पहिले छापील पुस्तक जेरी थॉमस यांनी १८६२ मध्ये काढले. त्याआधीचे ‘पंच’ हे मिश्र पेय मात्र हिंदुस्थानाशी जोडले जाते. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असे पाच पदार्थ म्हणून ‘पंच’, अशी व्युत्पत्ती सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रांत हा शब्द १६३२ पासून आढळतो.

आपल्याकडे हा व्यवसाय मोकळेपणाने वाढला नाही, त्याला कायदाही कारण आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. त्या कायद्यात पिणाऱ्याला परवाना, म्हणजे पर्मिट, लागू लागले. महाराष्ट्रात बारला आजही ‘परमिट रूम’ म्हणतात, ते त्यावरूनच.

काउंटरमागचे काम

संध्याकाळी ग्राहक येतात, पण काम दुपारीच सुरू होते. लिंबे पिळणे, पाक करणे, फळे चिरणे, ग्लास पुसून ठेवणे, बर्फाची व्यवस्था लावणे. साधा पाक म्हणजे साखर आणि पाणी समान वजनाने. आंबट प्रकारच्या कॉकटेलचे ढोबळ प्रमाण दोनास एक, एक असे असते : ६० मिली मद्य, ३० मिलीच्या आतबाहेर लिंबूरस आणि तितकाच पाक.

ज्या पेयात लिंबूरस, दूध किंवा अंडे असते ते शेकरमध्ये जोराने हलवतात. ज्यात केवळ मद्ये असतात ते चमच्याने ढवळतात. दोन्हींत बर्फ वितळून पेयात पाणी उतरते, आणि ते उतरावेच लागते. म्हणून बर्फाला इथे मसाल्याइतकेच महत्त्व. मोठा, घट्ट खडा सावकाश वितळतो, भुगा झालेला बर्फ पेय पांचट करतो.

हिशेब

आमच्यापैकी जे बँकेत होते, त्यांना हा भाग लगेच कळेल. रोखपालाची रोकड संध्याकाळी जुळावी लागते, तशी बारटेंडरची बाटली रात्री जुळावी लागते. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. हात सैल सोडून ३५ मिली ओतले, तर २१ च निघतात. म्हणजे एका बाटलीमागे चार पेग गेले. रोज दहा बाटल्या उघडणाऱ्या बारमध्ये हे ४० पेग झाले. म्हणून चांगला बारटेंडर कितीही अनुभवी असला तरी पेग मेजर हातातून सोडत नाही.

एक उदाहरण घेऊ. बाटली १,५०० रुपयांना पडली, तर ६० मिलीची किंमत १२० रुपये. लिंबू, पाक, बर्फ, सजावट धरून आणखी ३० रुपये. पेय ६०० रुपयांना विकले, तर मालाचा खर्च २५ टक्के. उरलेल्यातून भाडे, पगार, वीज, परवाना शुल्क, कर आणि कर्जाचा हप्ता. बाहेरून नफा डोळ्यांत भरतो, पण परवाना शुल्क धंदा चालो न चालो भरावेच लागते. स्वतःचा बार काढू पाहणाऱ्याने किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच पाऊल टाकावे, असे आमचे मत आहे.

कायदा

मद्य हा राज्यांचा विषय असल्याने बोरगावहून इचलकरंजीला गेले तरी नियम बदलतात. कर्नाटकात बारला सीएल-९ आणि लॉजिंग असलेल्या हॉटेलला सीएल-७ परवाना लागतो. महाराष्ट्रात परमिट रूमसाठी एफएल-३. महाराष्ट्रात व्हिस्की, रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे, गोव्यात २१. २ ऑक्टोबरला आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते.

या व्यवसायात मुलीही आहेत. मुंबईच्या शतभी बसू या देशातील पहिल्या महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांनी या कामाचे शिक्षण देणारी संस्थाही काढली. दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात मद्य दिले जाते त्या ठिकाणी स्त्रियांना आणि २५ वर्षांखालील पुरुषांना नोकरीवर ठेवायला बंदी होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

गोव्याचे उदाहरण

आंबोली घाट उतरून गेले की या व्यवसायाचा वेगळा चेहरा दिसतो. काजूची बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर गाळतात. पहिल्या धारेचा सौम्य तो उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बरीच वर्षे फेणी म्हणजे उग्र वासाची गावठी दारू, असे बाहेर समजले जाई. आज तिथले बारटेंडर कोकम, लिंबू, मिरची घालून तिची पेये करतात आणि पर्यटक ती मागून पितात. दक्षिण गोव्यातील ‘तेसोरो’ हा बार २०२२ मध्ये आशियातील ५० उत्तम बारच्या यादीत चौथा आला.

शिक्षण

हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात हा विषय असतो. गोव्यात पर्वरीला केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्था आहे. बारटेंडिंगचे स्वतंत्र, कमी मुदतीचे वर्गही चालतात. सुरुवात बहुधा मदतनीस म्हणून होते. बर्फ वाहणे, ग्लास धुणे, लिंबे पिळणे. मग बारटेंडर, मुख्य बारटेंडर, बार मॅनेजर. बाटल्या हवेत फेकून झेलणे ही करमणूक झाली. स्वच्छता, स्मरणशक्ती, बोलण्याची रीत आणि मापाचा हात ही खरी पात्रता.

धोका आणि आपला प्रश्न

रोज मध्यरात्रीपर्यंत उभे राहणे, झोपेचे वेळापत्रक मोडणे, सणावाराला घरी नसणे आणि सतत दारू समोर असणे हे या नोकरीचे धोके आहेत. कामावर असताना चव घेण्यापलीकडे पिऊ नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला हवा. ज्यांना तो जमणार नाही, त्यांनी दुसरे काम पाहावे. तसेच ज्या ग्राहकाला पुरे झाले आहे त्याला नम्रपणे नाही म्हणणे आणि गाडी चालवू न देता रिक्षा बोलावून देणे, हाही कामाचाच भाग आहे. दारूने संसार उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. त्या बायकांचा राग खराच आहे.

पण एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागेल. आपला भाग तंबाखूवर उभा राहिला आणि तंबाखूच्या व्यापाऱ्याला आपण नेहमी मान दिला. आपल्या उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, आणि देशात व्हिस्की, रम म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा बाटल्या त्यावरच भरतात. ऊस लावणारा प्रतिष्ठित आणि शेवटी मापून देणारा मुलगा तेवढा लपवण्यासारखा, हा हिशेब जुळत नाही. परवान्याच्या जागी, स्वतः न पिता, मापाने काम करणारा मुलगा कोणाच्या घरचा असेल, तर घरच्यांनी त्याचे काम नावानिशी सांगावे. त्याने ते लपवून ठेवले, तर अडचणीत सापडल्यावरही तो घरी काही सांगणार नाही.