ट्रकच्या इंजिनातले पाणी जाते कुठे?

घाटाच्या चढावर बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक आपण सर्वांनी पाहिला आहे. चालक कॅन घेऊन पाणी आणतो, इंजिन निवल्यावर रेडिएटर भरतो आणि पुढे निघतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. ट्रकखाली एक थेंब सांडलेला नसतो, रबरी नळ्या कोरड्या असतात, तरीही पाणी कमी झालेले असते. मग ते जाते कुठे? या साध्या प्रश्नाचे एक उत्तर शोधायला विज्ञानाला काही दशके लागली. त्याची सुरुवात रस्त्यावर नव्हे, समुद्रात झाली.

आधी पाणी लागते कशाला ते पाहू. रुडॉल्फ डिझेलच्या मूळ कल्पनेत सिलिंडरला पाण्याने थंड करण्याची गरजच नव्हती. उष्णता बाहेर घालवणे म्हणजे इंधन वाया घालवणे, हा त्याचा विचार तत्त्वतः योग्यच होता. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९३ साली उभारलेल्या त्याच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनाला पाण्याचे वेष्टण नव्हते. पुढे ते बसवावे लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रा. श्रोटर यांनी ज्या इंजिनाची चाचणी घेऊन २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदवली, ते पाण्याने थंड होणारेच होते. आजच्या ट्रकच्या इंजिनात इंधनातील सुमारे ४० टक्के ऊर्जा कामी येते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर जातो आणि बराचसा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो.

हे पाणी उकळू नये म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. तत्त्व प्रेशर कुकरचेच. वातावरणापेक्षा एक वातावरण जास्त दाब असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळते आणि वाफेच्या रूपाने निघून जाते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये ते याच कारणाने. दाब एकदम उतरतो आणि क्षणात उकळी फुटून पाणी अंगावर उडते.

पाणी कमी होत असेल तर चांगला मिस्त्री एकेक शक्यता बाद करत जातो. प्रथम इंजिन थंड असताना हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून तो टिकतो का, हे पाहतो. दाब उतरला आणि कुठे ओल दिसली, तर गळती बाहेर आहे. ओल दिसली नाही, तर गळती आत आहे. मग तो तेलाची पट्टी ओढून पाहतो. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन तापल्यानंतरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहिली, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर उलट सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. याची खात्री करण्यासाठी तेथील हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. द्रव पिवळा झाला की कार्बन डायऑक्साइड आहे असे समजावे. हा द्रव बहुधा आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला ब्रोमोथायमॉल ब्लू असतो.

आत गळती आहे म्हटल्यावर संशय साहजिकच हेड गॅसकेटवर जातो आणि अनेकदा तो खराही ठरतो. पण काही इंजिनांत गॅसकेट धड असते आणि भोक सापडते ते लायनरला. लायनर म्हणजे ज्यात दट्ट्या खालीवर होतो ती बिडाची नळी. अनेक मोठ्या डिझेल इंजिनांत तिच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागलेले असते. काही मिलिमीटर जाडीच्या त्या भिंतीला टाचणीने टोचावे तशी भोके पडतात आणि ती पाण्याच्या बाजूने आत जातात. साधा गंज म्हणावा तर तो सगळीकडे हवा. ही छिद्रे मात्र बहुतेक उभ्या पट्ट्यात असतात, आणि तीही दट्ट्याचा दांडा ज्या दिशांना झुलतो त्या बाजूंनाच.

आता समुद्राकडे वळू. १८९३-९४ च्या सुमारास 'डेअरिंग' ही इंग्लंडची नवी विनाशिका अपेक्षित वेग गाठेना. इंजिनात दोष नव्हता. बोटीचा पंखा इतक्या जोराने फिरत होता की पात्यांच्या मागे दाब फार उतरून पाणी थंड असतानाच 'उकळत' होते आणि पंखा वाफेच्या पोकळ्यांत फिरत होता. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवल्यावर वेग मिळाला. थॉर्नीक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी १८९५ साली यावर निबंध वाचला आणि आर. ई. फ्राउड यांनी सुचवलेला 'कॅव्हिटेशन' हा शब्द रूढ झाला. आपण त्याला पोकळीनिर्मिती म्हणू. चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीलाही हीच अडचण आली. त्यांनी लहान टाकीतले पाणी उकळीच्या जवळ नेले आणि छोट्या पंख्यामागे तयार होणाऱ्या पोकळ्या क्षणदीप्त प्रकाशात डोळ्यांनी पाहिल्या.

पण वेग घटणे हा त्रासाचा एक भाग झाला. पंख्यांची धातूची पाती कुरतडल्यासारखी होत. मऊ पाण्यातला मऊ बुडबुडा धातू कसा खाईल? याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. दाब वाढताच पोकळी मिटू लागते आणि चहूबाजूंचे पाणी केंद्राकडे धावते. जागा कमी होत जाते तसा त्याचा वेग वाढतो. पोकळीची त्रिज्या मूळच्या एक-विसांश होते तेव्हा तिच्या लगतच्या पाण्यातील दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १,२६० पट झालेला असतो. पुढे १९६१ मध्ये नॉडे आणि एलिस यांनी दाखवले, की भिंतीजवळची पोकळी गोल राहून मिटत नाही. ती एका बाजूने आत दबते आणि पाण्याची बारीक धार भिंतीवर आदळते.

आता लायनरकडे परत येऊ. इंधन पेटते तेव्हा दांडा तिरका असतो, त्यामुळे दट्ट्या एका बाजूला ढकलला जाऊन लायनरवर थाप मारतो. लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत पाण्यापासून इतक्या झटकन मागे सरते की पाणी तिच्यामागे धावू शकत नाही. तेथे दाब उतरतो, पोकळ्या होतात आणि भिंत परत येताच मिटतात. प्रत्येक घाव लोखंडावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर उडवतो, उघडे लोखंड गंजते, पुन्हा घाव बसतो. छिद्रे दांड्याच्या झुलण्याच्या बाजूंनाच का, याचे उत्तर येथे मिळते.

यावर उपायही आहे. डिझेलच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी द्रव्ये घालतात. ती लोखंडावर पातळ, चिवट थर धरतात आणि घावाने उडालेला थर पुन्हा बसवतात. झाकणाने धरलेला दाबही पोकळ्या होऊ देत नाही. म्हणजे ढिले झाकण दोन्हीकडून घात करते.

आता घाटातला चालक पुन्हा आठवा. पाणी कमी झाले म्हणून तो विहिरीचे साधे पाणी भरतो. अडल्यावेळी दुसरा मार्ग नसतो, हेही खरे. पण रोज तेच केले तर कूलंटमधली द्रव्ये विरळ होत जातात, जड पाण्याचे क्षार भिंतींवर बसून उष्णता अडवतात, इंजिन अधिक तापते आणि छिद्रे अधिक खोल जातात. ज्याला आपण उपाय म्हणतो, तोच दोष वाढवत असतो. इंजिन बसले की लायनर, तेल, कदाचित दट्ट्यासुद्धा बदलावा लागतो, आणि एका ट्रकवर घर चालवणाऱ्याला तो खर्च वर्षभर पुरतो.

वर्गात हे दाखवायला ट्रक लागत नाही. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीत थोडे कढत पाणी घ्या, आतली हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी उकळू लागेल. दट्ट्या सोडला की बुडबुडे मिटतील. हात भाजणार नाही याची काळजी शिक्षकांनीच घ्यावी. मग मुलांना विचारा, पाणी गरम न करता उकळले कसे? आणि त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा: टाकी रोज रिकामी होत असेल, तर ती भरत राहायचे की आधी पाणी कुठे जाते ते शोधायचे?