नागपूर : भूरचना व रस्त्यावरील प्रवासकाळ

नागपूर शहरात एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास लागणारा वेळ अंतरापेक्षा लोहमार्ग कोठे ओलांडावा लागतो, यावर ठरतो. मुंबईला समुद्रामुळे उत्तरेकडे लांबत जावे लागले; समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवरील नागपूर मात्र चहूबाजूंनी पसरू शकले. येथील अडसर शहराच्या पोटातच आहे.

भूरचना : पश्चिमेस बेसाल्टच्या टेकड्या, पूर्वेस सपाट मुलूख, मध्यभागी सीताबर्डीच्या जोडटेकड्या. नाग नदी अंबाझरी तलावाकडून पूर्वेस वाहते.

लोहमार्ग व पूल : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास आली. स्थानक सीताबर्डी टेकडीच्या पायथ्याशी झाले आणि रुळांनी शहर दुभागले. पूर्वेस महाल, इतवारी, गांधीबाग ही जुनी वस्ती व घाऊक बाजार. पश्चिमेस सीताबर्डी, धरमपेठ, सिव्हिल लाइन्स, विधान भवन व उच्च न्यायालय. सकाळ-संध्याकाळची वर्दळ त्यामुळे रूळ ओलांडण्याच्या मोजक्या जागांवर एकवटते : मंगळवारी पूल, रामझुला, लोखंडी पूल, आनंद टॉकीज भुयारी मार्ग व ब्रिटिशकालीन अजनी पूल. रामझुला हा तारांनी तोललेला पूल जयस्तंभ चौक व मेयो रुग्णालयाची बाजू जोडतो. लोखंडी पुलाखालून उंच वाहने जाऊ शकत नाहीत. कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल व सर्वांत वर मेट्रो असे चार स्तर आहेत. तेथील उड्डाणपूल २०२४ मध्ये खुला झाला. वर्धा मार्गावरील ३·१४ किमी. लांबीचा दुमजली पूल त्याआधीचा.

पावसाळा : लोखंडी पूल व नरेंद्रनगर येथील रेल्वेखालचे रस्ते जोरदार पावसात तुंबतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठचे रस्ते पाण्याखाली गेले.

मेट्रो : पहिला टप्पा २०१९–२२ मध्ये सुरू झाला; दोन्ही मार्गिका सीताबर्डी येथे एकमेकींना छेदतात.

महत्त्व : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (मेडिकल) व मेयो ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालये रुळांच्या पूर्वेस आहेत. पश्चिम नागपुरातील अत्यवस्थ रुग्णास तेथे पोहोचण्यासाठी लोहमार्ग ओलांडावाच लागतो. म्हणून एखादा पूल दुरुस्तीसाठी बंद करण्यापूर्वी शेजारचा पूल वा भुयारी मार्ग वाहता ठेवणे, ही या शहरातील वाहतूक नियोजनाची पहिली अट ठरते.