गरोदरपणातील झोप आणि अंथरूण

गरोदरपणातील झोप आणि अंथरूण हा प्रसूतिपूर्व काळजीतील एक विषय आहे. गादी, उशी, पांघरूण, बाज किंवा जमिनीवरील अंथरूण यांचा गर्भवतीच्या झोपेवर होणारा परिणाम त्यात विचारात घेतला जातो. अंथरुणाच्या विशिष्ट प्रकारामुळे गर्भाला थेट लाभ किंवा अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झोपताना घेतलेली शरीराची स्थिती महत्त्वाची असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ही स्थिती सुसह्य करणे हे अंथरुणाचे मुख्य कार्य होय.

झोपेतील बदल

गर्भधारणेनंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत दिवसा झोप व थकवा जाणवतो. रात्री मात्र लघवीसाठी वारंवार उठावे लागते. पुढील महिन्यांत वाढलेले गर्भाशय, छातीतील जळजळ, पाठ व ओटीपोटाच्या सांध्यांतील वेदना, पोटऱ्यांत येणारे गोळे आणि गर्भाची हालचाल यांमुळे झोप तुटक होते. पाय सतत हलवावेसे वाटणे ही तक्रारही या काळात वाढते. तिचा संबंध काही वेळा लोहाच्या कमतरतेशी असतो. अशा तक्रारी केवळ गादी बदलून दूर होत नाहीत.

झोपण्याची स्थिती

शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशिरा पाठीच्या कण्यालगत, किंचित उजव्या बाजूने जाते. साधारणतः गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि काही स्त्रियांना घेरी, मळमळ किंवा घाम येतो. या अवस्थेचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील हॉवर्ड, गुडसन व मेंगर्ट या वैद्यांनी १९५३ मध्ये केले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरात रक्त पर्यायी शिरांमधून वळवले जाते, त्यामुळे सर्वांनाच लक्षणे जाणवत नाहीत. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या वेळी उजव्या नितंबाखाली आधार देऊन शरीर डावीकडे कलते ठेवण्यामागेही हेच कारण आहे.

संशोधन

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आदल्या रात्री डाव्या कुशीवर न झोपलेल्या स्त्रियांमध्ये मृतजन्माचे प्रमाण अधिक आढळले. त्यानंतर ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमध्येही असे अभ्यास झाले. पाच अभ्यासांतील माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मृतजन्म झालेल्या ८५१ आणि गर्भ जिवंत असलेल्या २,२५७ स्त्रियांचा समावेश होता. २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृतजन्माची शक्यता सुमारे २.६ पट आढळली. डाव्या व उजव्या कुशीत मात्र फरक दिसला नाही.

या आकड्याचा अर्थ लावताना मूळ धोका लक्षात घ्यावा लागतो. ज्या देशांत हे अभ्यास झाले तेथे २८ आठवड्यांनंतरचे मृतजन्म हजारात तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. त्यामुळे उताणे झोपणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची बाळेही सुखरूप जन्मतात. शिवाय या अभ्यासांत स्त्रियांना घटनेनंतर प्रश्न विचारले गेले, त्यामुळे स्मरणातील त्रुटीची शक्यता राहते. अमेरिकेत प्रथमच प्रसूत होणाऱ्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती आधीच नोंदवून केलेल्या अभ्यासात (२०१९) ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा गंभीर गुंतागुंतीशी संबंध आढळला नाही. शेवटच्या दहा आठवड्यांबाबत मात्र तो अभ्यास काही सांगत नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणे टाळावे. झोपी जाताना घेतलेली स्थिती सहसा सर्वाधिक काळ टिकते, म्हणून ‘झोपी जाताना’ या शब्दांवर भर दिला जातो. रात्री जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असे आढळल्यास कुशीवर वळणे पुरेसे असते.

अंथरुणाचे घटक

गादी : कुशीवर झोपल्यास शरीराचा भार खांदा व नितंब यांवर एकवटतो. फार कडक पृष्ठभागावर तेथे दुखते, तर फार मऊ गादीत कंबर खचते. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांवर झालेल्या चाचणीत (२००३) कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक उपयुक्त ठरली. ही चाचणी गर्भवतींवर झालेली नव्हती. गाठी झालेली कापसाची गादी पिंजून घेतल्यास पृष्ठभाग पुन्हा सम होतो. नवार सैल झालेली बाज झोळीसारखी खचते व कूस बदलणे अवघड होते.

जमिनीवरील अंथरूण : सतरंजी किंवा चटईवर झोपणे निषिद्ध नाही. नितंबाखाली घडी केलेल्या गोधडीचा थर द्यावा. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

उशी : गुडघ्यांमध्ये, पोटाखाली व पाठीमागे आधार दिल्यास कुशीवर राहणे सोपे जाते. पोटासाठी खोलगट आकार दिलेल्या उशीची चाचणी ऑस्ट्रेलियात झाली (१९८९). त्यात साध्या उशीपेक्षा त्या उशीने पाठदुखी व झोप यांबाबत अधिक आराम पडल्याचे आढळले. घरातील लोड, साधी उशी किंवा गोधडीची वळकटी यांचाही आधारासाठी उपयोग करता येतो. जळजळ होत असल्यास डोक्याकडील बाजू उंच करावी. डावी कूस अशा वेळी अधिक सोयीची ठरते.

चादर व पांघरूण : गरोदरपणात अनेकींना उकाडा अधिक जाणवतो. सुती चादर घाम शोषते. प्लॅस्टिक किंवा रबरी आच्छादनामुळे घाम साचतो.

मच्छरदाणी : हिवताप असलेल्या भागांत अंथरुणाचा हा भाग गर्भाच्या आरोग्याशी थेट निगडित आहे. गरोदरपणातील हिवतापामुळे रक्तक्षय व बाळाचे कमी वजन संभवते. जागतिक आरोग्य संघटना अशा भागांतील गर्भवतींना कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी वापरण्याची शिफारस करते. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याच्या दृष्टीने याचे विशेष महत्त्व आहे.

समजुती

कूस बदलताना उठून न बसल्यास बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळली जाते, अशी समजूत भारतात अनेक ठिकाणी आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. नाळेचे वेढे गर्भाच्या स्वतःच्या हालचालींमुळे पडतात आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. केवळ डावी कूसच सुरक्षित, या समजुतीलाही २०१९ च्या विश्लेषणाने दुजोरा मिळत नाही. मृतजन्माची कारणे अनेक असतात. एखाद्या स्त्रीच्या झोपण्याच्या सवयीवर त्याचा दोष ठेवणे अशास्त्रीय आहे.

वैद्यकीय सल्ला

गर्भाची हालचाल कमी जाणवणे, घोरण्याबरोबर श्वास अडखळणे, तीव्र डोकेदुखी किंवा रात्री तळहात-तळपायांना वाढणारी खाज ही लक्षणे अंथरुणाशी संबंधित मानू नयेत. अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. हालचाल कमी झाल्यास सकाळपर्यंत न थांबता त्वरित रुग्णालयात जावे.