मांडीवर जन्मलेली गिटार

ब्लूजमधला स्लाइड वाजवायचा तर इलेक्ट्रिक गिटार वेगळी लावून घ्यावी लागते. नट उंच करायचा, ब्रिज वर घ्यायचा, पहिली तार 0.009 इंचाची असेल तर 0.011 किंवा 0.012 ची चढवायची. तारा उंच आणि ताठ राहिल्या की त्यांच्यावरून सरकणारी काचेची नळी खालच्या फ्रेटवर खडखडत नाही. काहींना ही वाद्याची मोडतोड वाटते. मला ते वाद्याचं माहेरी जाणं वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईतल्या ओआहू बेटावर जोसेफ केकुकू या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवण्याची पद्धत रुळवली. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्या सुरांचं वेड लागलं. पण वाद्यवृंदात गिटार ऐकूच येईना. जॉर्ज बीचम स्वतः हवाईयन गिटार वाजवायचा. तारांचं कंपन चुंबकाने टिपून त्याची वीज करायची, हा मार्ग त्याने शोधला. 1932 मध्ये अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने त्याने ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आणली. बाजारात चाललेली ही पहिली इलेक्ट्रिक गिटार, आणि ती मांडीवर ठेवून स्लाइडने वाजवायची होती!

मिसिसिपीतली वाट निराळी. तिथली कृष्णवर्णीय पोरं भिंतीला एकच तार ठोकून तिच्यावर बाटली सरकवत. 1903 च्या सुमारास टटवायलरच्या स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने एकाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकलं, आणि पुढे आत्मचरित्रात ते लिहिताना त्याला हवाईयन वादकच आठवले. त्या भागात मोकळ्या ताराच एखाद्या कॉर्डमध्ये मिळवून ठेवत, उदाहरणार्थ डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. मग नळी सरळ आडवी धरली की कुठेही पूर्ण कॉर्ड मिळते.

मिसिसिपीचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला आला. दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार बुडून जाई, म्हणून त्याने इलेक्ट्रिक घेतली. ती मांडीवर आडवी नव्हती, छातीशी धरलेली होती. नळी एका बोटात, बाकीची बोटं तारा दाबायला मोकळी. म्हणूनच ब्लूजवाल्याच्या तारा हवाईयन गिटारइतक्या उंच चालत नाहीत. नळी फ्रेटला लागू नये आणि बोटांना तार दाबता यावी, ही मधली उंची साधण्यातच चांगल्या कारागिराचा बराचसा वेळ जातो.