तळटीप : विंचू ‘उतरवणे’

* पारनेरच्या माळावरील या प्रसंगातली लक्षणे लाल विंचवाच्या दंशाची आहेत. मज्जातंतूचा निरोप पुढे जातो तो रसायनातून: तंतूच्या टोकाशी ते सुटते, समोरच्या पेशीच्या ग्राहीवर बसते आणि लगेच परत शोषले जाते किंवा मोडते. विंचवाचे विष तंतूंमधल्या सोडियमच्या वाटा नीट मिटूच देत नाही, म्हणून निरोप थांबत नाहीत. आधी असिटिलकोलीनचा जोर: घाम, लाळ, उलट्या. मग अ‍ॅड्रिनॅलिन-नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा. हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. विष ‘डोक्यात चढले’ असे गावकरी म्हणतात, पण जीव जातो तो बहुधा छातीतल्या या घडामोडींनी. मांत्रिकाला यश येई, कारण पुष्कळ दंशांत नुसती वेदनाच असते व ती आपोआप ओसरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन येथे वापरले. ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या अल्फा ग्राही अडवते. त्यांचा ‘लॅन्सेट’मधला लेख १९८६चा. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा असल्याने लेखकाने डॉक्टरांवर ठेवलेला ठपका आम्हांस अन्यायाचा वाटतो. — संपादक